वाईच्या खोऱ्यात ई-सायकलवर एक दिवस: झेपेल का, आणि बुकिंगआधी काय विचारायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचं वय ५२, यजमानांचं ५८, आणि जिना उतरताना त्यांचा उजवा गुडघा दुखतो. सोबत मुलगी आणि रोज सायकल चालवणारे जावई असतील. डिसेंबर-जानेवारीत वाईजवळ डोंगराच्या पायथ्याने जाणारी, गाईड बरोबर असलेली ई-सायकलची एक दिवसाची राईड करायचा विचार आहे. तर ती झेपेल का, मोटर असताना पेडल मारावं लागतं का, बॅटरी मध्येच संपली तर काय करायचं, आणि जावई म्हणतात तसं पसरणी घाटाने पाचगणीला चढून जावं का?

झेपेल. तुमच्यासारख्या घरच्या गटांना घेऊन मी बरीच वर्षं या खोऱ्यात राईड करतोय, त्यामुळे हे खात्रीने सांगतो. पाचगणी मात्र या वेळी सोडा, त्याचं कारण पुढे येईलच. लोक विचारतात "किती किलोमीटर?", पण डोंगराच्या पायथ्याला या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. चढ किती, कसा, आणि उतार किती, यावर दिवस ठरतो. चढाला मोटर मदत करते. उतारावर तुमचे हात, तुमचे ब्रेक आणि तुमचं लक्ष, एवढंच असतं. बेत आखताना आणि गाईड निवडताना माझा सगळा भर या दुसऱ्या गोष्टीवर असतो.

आधी पेडलचं सांगतो. पेडल मारावं लागतं आणि मारावंच. पायांनी लावलेल्या जोरात मोटर आपला जोर मिळवते, असा या सायकलचा हिशोब असतो. आपल्याकडे २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असेल तर लायसन्स लागत नाही, रजिस्ट्रेशनही लागत नाही. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक सायकली याच गटातल्या असतात. २५ च्या पुढे मोटर बंद होते आणि उरलेलं काम पायांचं. काहींना स्कूटरसारखा थ्रॉटलही असतो. सिग्नलवरून निघताना किंवा रस्ता ओलांडताना तो कामाचा आहे, पण चढावर नुसत्या थ्रॉटलवर बसून राहिलात तर बॅटरी झपाट्याने उतरते आणि मोटर तापते. मी गटाला सकाळीच सांगून टाकतो की चढावर थ्रॉटलला हात लावायचा नाही.

आता गुडघा. जिना उतरताना दुखणारे बरेच गुडघे सायकलवर फारशी कुरकुर करत नाहीत, कारण शरीराचा भार सीटवर जातो. त्याला दोन अटी आहेत. पहिली सीटच्या उंचीची. पेडल तळाशी असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा, गुडघ्यात थोडासाच बाक राहावा. नवखी माणसं भीतीपोटी सीट खाली करून घेतात, म्हणजे बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतात आणि धीर येतो. पण मग प्रत्येक फेऱ्याला गुडघा जास्त वाकतो आणि दुपारपर्यंत वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. दुसरी अट म्हणजे हलका गिअर आणि पायांची भरभर गती, मिनिटाला ७०-८० फेरे. जड गिअर लावून, दात आवळून रेटणं गुडघ्याला महागात पडतं. मोटर असल्यामुळे ही चूक लपते. वेग मिळत असतो, म्हणून माणूस गिअर बदलतच नाही. यजमानांचा गुडघा सुजत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर तेही विचारून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर गाईडला नक्की सांगा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. एरवीपेक्षा दिवसभर जास्त हालचाल होते, त्यामुळे साखर खाली यायची शक्यता असते. चढावर पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर जोर बरोबर चाललाय. बोलताना शब्द तुटायला लागले की असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, एक लेव्हल वाढवा.

वाट कशी असते ते सांगतो, म्हणजे बाकीच्या गोष्टींचा अंदाज येईल.

सुरुवात वाईतून, सकाळी सातच्या सुमाराला. जानेवारीत त्या वेळी कृष्णेकाठी बोटं गारठतात आणि गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही, म्हणून हातमोजे घ्या. गणपती घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं. लोक मूर्तीचं दर्शन घेऊन निघतात, मी सगळ्यांना मागच्या बाजूला नेतो. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून तिथली भिंत माशाच्या आकाराची केली आहे. नदीशेजारी बांधायचं तर नदीचा जोर कुठून येणार याचा विचार आधी केलेला, हे बघताना दरवेळी बरं वाटतं.

वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर, जवळपास सपाट. हा टप्पा सायकलची ओळख करून घ्यायला उत्तम आहे आणि चांगला गाईड तो तसाच वापरतो. रिकाम्या पट्ट्यावर थांबवून असिस्टच्या सगळ्या लेव्हल चालवून बघायला लावतो, दोन्ही ब्रेक एकत्र दाबून थांबायला लावतो, वळून परत यायला लावतो. मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागे नदीवरचा देखणा घाट आहे. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिकडून आलेली पोर्तुगीज घंटा इथे घाटावरच्या छोट्या मंडपात टांगलेली आहे. वाडा खाजगी आहे, आत जायचं तर विचारून जायचं. सायकली वर रस्त्याजवळच लावायच्या. घाटाच्या पायऱ्यांवरून २३ किलोची सायकल उतरवायचा उद्योग कुणी करू नये.

तिथून धोम. वाईपासून धरलं तर आठ-नऊ किलोमीटर होतात. इथल्या नरसिंहाच्या आणि महादेवाच्या देवळांच्या आवारात नंदीचा मंडप दगडी कासवाच्या पाठीवर आहे आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंडात पाणी असलं की कासव तरंगतंय असं वाटतं. मी नाश्ता इथे ठेवतो. एकतर सावली असते, आणि धरणाची चढण पुढे असते. भरल्या पोटी लगेच चढ नको, म्हणून खाऊन अर्धा तास देवळात घालवायचा.

धरणाच्या पुढे जलाशयाच्या कडेने रस्ता पश्चिमेला आत शिरतो, बलकवडी आणि जोर या गावांच्या दिशेने. या राईडचा खरा ऐवज तो. उजव्या हाताला केंजळगडाचा कातळमाथा आणि रायरेश्वराचं पठार, समोर दोन खोऱ्यांच्या मधोमध कमळगड, डावीकडे पाण्यापलीकडे पाचगणीच्या पठाराची सपाट कड. डिसेंबरात जलाशय बऱ्यापैकी भरलेला असतो. शेतात ऊस, हळदीची पिवळी पडत चाललेली पानं, कुठे गहू, कुठे हरभरा. सकाळी पश्चिमेला जाताना सूर्य पाठीशी असतो, दुपारनंतर पूर्वेला परतताना पुन्हा पाठीशीच. तुमच्या डोळ्यांवर ऊन येत नाही, डोंगर उजळलेले दिसतात, फोटोही चांगले येतात. पण समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत तेच ऊन असतं आणि त्याला तुम्ही दिसत नाही. म्हणून भडक रंगाचे कपडे घाला आणि भर दिवसाही पुढचा दिवा चालू ठेवा.

पाण्याच्या कडेचा रस्ता म्हटला की लोकांना सपाट वाटतो. इथे तसं नाही. डोंगराच्या सोंडा पाण्यापर्यंत उतरल्यात आणि दोन सोंडांच्या मध्ये एकेक ओढा आहे. रस्ता ओढ्यात उतरतो, मोरी ओलांडतो, पुढच्या सोंडेवर चढतो, परत उतरतो. एकही चढ मोठा नाही, पण सगळ्यांची बेरीज दुपारपर्यंत भरते. साध्या सायकलवर हौशी माणूस इथेच थकतो, आणि ई-सायकलचा सगळ्यात जास्त फायदा मला इथेच दिसतो. आखूड, तीव्र, पुन्हापुन्हा येणारे चढ माणसाची दमछाक करतात, मोटरला मात्र ते सोपे जातात, कारण प्रत्येक उतारावर तिला थंड व्हायला वेळ मिळतो.

एक गोष्ट मात्र शिकून घ्यावी लागते. ओढ्यात उतरताना सायकल जड गिअरवर पळत असते. मोरी ओलांडली की एकदम चढ. तिथे पायाखाली जोर आल्यावर गिअर बदलायला जाल तर चेन करकरते, सरकते, कधी तुटते. मोटर जर पेडलच्या मधोमध बसवलेली असेल तर तिचाही जोर चेनवरच येतो, म्हणून आणखी जपावं लागतं. मी शिकवतो ते असं: उतार संपायच्या आधी, मोरी दिसली की पाय हलके फिरवत दोन-तीन गिअर खाली आणायचे आणि असिस्ट एक लेव्हल वाढवायची. मोरीवरून जातानाच सायकल चढाला तयार असली पाहिजे. आणि चढावर थांबायची वेळ आली तर थांबायच्या आधी हलका गिअर लावा. नाहीतर परत निघताना पेडल हलत नाही, मग मोटर अचानक धक्का देते आणि माणूस आडवा होतो.

या धक्क्याबद्दल जरा सविस्तर, कारण ई-सायकलवरून पडणाऱ्या नवख्या माणसांपैकी बरीच उभ्या-उभ्याच पडतात. स्वस्त सायकलींत पेडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. तुम्ही किती जोर लावलाय हे त्याला कळत नाही. थांबलेले असताना पाय पेडलवर नुसता ठेवला, पेडल थोडं फिरलं, की मोटर चालू. भारी सायकलींत पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असतो, त्यात हा त्रास सहसा कमी असतो. गाईडकडे पहिल्या प्रकारची सायकल असेल तर घाबरू नका, सवय एकच लावायची: थांबलात की दोन्ही ब्रेक दाबून ठेवायचे. बहुतेक ई-सायकलींत ब्रेकच्या लिव्हरमध्ये मोटर तोडणारा स्विच असतो, लिव्हर दाबलेला असेपर्यंत मोटर चालत नाही. अरुंद जागेत वळायचं असेल तर असिस्ट शून्यावर आणून वळा.

आता बॅटरी. हिशोब सोपा आहे आणि तो स्वतः करता आला तर कुणी फसवू शकत नाही. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार केला की बॅटरीत मावणारी वीज वॉट-तासांत कळते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. माणूस ७५ किलोचा, सायकल २३ किलोची, थोडं सामान, असे १०० किलो धरा. एवढं वजन १०० मीटर उंच चढवायला २७ वॉट-तास लागतात. निम्मं काम पायांनी केलं तर मोटरच्या वाट्याला १३-१४ येतात, आणि मोटर-वायरिंगमधली गळती धरून बॅटरीतून १८-२० जातात. सपाटीला मधल्या असिस्टवर मी किलोमीटरमागे ४-५ धरतो. समजा दिवसभरात ४५ किलोमीटर आणि सगळे चढ मिळून ५०० मीटर झाले. तर सपाटीचे २०० च्या आसपास, चढाचे १००, म्हणजे ३००. ३६० च्या बॅटरीत हे बसतं, पण हाताशी फारसं काही उरत नाही. बॅटरी दोन वर्षं वापरलेली असेल, माणूस ९० किलोचा असेल किंवा कुणी दिवसभर सर्वांत वरच्या लेव्हलवर चालवत असेल, तर संध्याकाळी मेणवलीच्या अलीकडेच ती संपते.

म्हणून माझा नियम असा, की परतीच्या टोकाला पोहोचल्यावर बॅटरी अर्ध्याच्या वर असली पाहिजे. नसेल तर तिथूनच मागे फिरायचं, मग पुढचं गाव कितीही जवळ असो. ही वाट पुढेपुढे चढत जात असल्यामुळे परतीला खर्च थोडा कमी होतो, पण त्या भरवशावर राहू नये. जेवताना तासभर चार्जिंगला लावू, असं काहीजण सांगतात. नेहमीचा २ अँपिअरचा चार्जर दीड तासात फार तर १२० वॉट-तास भरतो, म्हणजे एक तृतीयांश. तेही खोऱ्यात वीज असली तर. बरोबर जीप असेल आणि तिच्यात भरलेल्या जादा बॅटऱ्या असतील, तरच मी त्याला सोय म्हणतो. बॅटरी संपलीच तर सायकल चालते, पण साध्या सायकलीपेक्षा दहा किलो जड. सपाटीला निभतं, चढावर उतरून ढकलावी लागते.

जावयांच्या पाचगणीबद्दल. वाई साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास. बारा-एक किलोमीटरमध्ये ६०० मीटर चढ. वरचाच हिशोब लावला तर त्या चढाला बॅटरीतून ११०-१२० वॉट-तास जातील, म्हणजे बॅटरी पुरते. माझी हरकत वाहतुकीला आहे. सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्या, एसटी आणि सहलींच्या बस त्याच घाटाने महाबळेश्वरला जात असतात. चढताना तुमचा वेग १०-१२ चा, मागे गाड्यांची रांग, वळणावर ओव्हरटेक करायची घाई. शिवाय चाकात मोटर असलेली सायकल ताशी ८-१० च्या खाली बराच वेळ चढत राहिली तर वीज वेगात न जाता उष्णतेत जाते. मोटर तापली की तिला वीज पुरवणारा कंट्रोलर ताकद कमी करतो, आणि नेमकं तीव्र वळणावर तुम्हाला हात द्यायला कुणी उरत नाही. एवढं करून वर पोहोचलात तरी परतीला बारा किलोमीटर सलग उतार, तेही दमलेल्या हातांनी. सराव असलेल्या माणसाने मधल्या वारी, पहाटे निघून हा घाट जरूर करावा. पहिल्याच दिवशी घरच्यांना घेऊन करू नये.

उतार खोऱ्यातही आहेतच, फक्त आखूड. ई-सायकल जड असते, त्यामुळे ती लवकर वेग पकडते आणि थांबायला जास्त अंतर घेते. एकच ब्रेक सतत घासत ठेवला की डिस्क तापते आणि पकड सुटायला लागते. दोन्ही ब्रेक मिळून दाबायचे, वेग उतरवायचा, सोडायचे, पुन्हा दाबायचे. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक मारू नका. दोन्ही पेडल समान उंचीवर ठेवा, ढुंगण सीटवरून किंचित उचलून मागे घ्या. नजर चाकापुढे ठेवू नका, दहा-पंधरा मीटर पुढे ठेवा. या रस्त्यावर काय काय असतं तेही सांगतो: मोरीच्या कडेला वाहून आलेली बारीक वाळू, गावाच्या तोंडाशी रंग न दिलेला गतिरोधक, रस्त्यावर वाळत घातलेलं धान्य, ओलं शेण, आणि संध्याकाळी घरी परतणारी म्हसरं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्याही असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि बाहेर आलेला ऊस रुंदीच्या पलीकडे. म्हणून पाचच्या आत वाईत परत, यात मी कुणाचं ऐकत नाही. कुत्री मागे लागली तर मोटर मारून पळू नका. थांबा, सायकल मध्ये धरा, मोठ्याने हाकला.

जावई स्वतःची साधी सायकल आणणार असतील तर त्यांच्याशी आधी बोलून घ्या. सपाटीला ते ताशी २८-३० ने पुढे निघून जातील, कारण तुमची मोटर २५ ला बंद होणार. चढावर तुम्ही १४-१५ ने जाल आणि ते ९-१० ने मागे राहतील. दिवसभर हा लपंडाव चालतो आणि गट एकत्र राहत नाही. त्यांनाही ई-सायकल द्या, असिस्ट सर्वांत कमी लेव्हलवर ठेवू द्या. हवा तेवढा व्यायाम होईल आणि चौघं एकत्र राहाल. मला ई-सायकल आवडते ती याचसाठी. वेगवेगळ्या ताकदीची माणसं एकाच चढावर शेजारी-शेजारी, गप्पा मारत जाऊ शकतात. साध्या सायकलवर असं क्वचितच जमतं.

गाईडला फोन केलात की पहिला प्रश्न विचारा: "मागच्या चाकाचं पंक्चर झालं तर काय करता?" ऐकायला किरकोळ वाटतो, पण उत्तरावरून माणूस कळतो. मोटर मागच्या चाकात असेल तर चाक साध्या सायकलसारखं झटकन निघत नाही. दोन्ही बाजूंना मोठे नट असतात, त्यांचा पाना वेगळा. आतून मोटरची वायर येते, तिचा जोड बाणाच्या खुणा जुळवून सरळ ओढायचा आणि सरळच बसवायचा, पिळला तर आतल्या पिना वाकतात आणि मोटर बंद पडते. म्हणून जाणकार माणूस शक्यतो चाक काढतच नाही. सायकल आडवी करून, चाक जागेवरच ठेवून टायरची एक बाजू सोडवतो, ट्यूब बाहेर ओढून पॅच मारतो. गाईड असं काही सांगायला लागला तर त्याचे हात या सायकलींत गेलेले आहेत. "आमच्या सायकली पंक्चर होत नाहीत" असं उत्तर आलं तर दुसरा गाईड बघा.

मग विचारा की मागे कोण असतं. एक गाईड पुढे आणि एक मदतनीस सर्वांत मागे हवा, आठ जणांना हे दोघं पुरतात. गाईड एकटाच आणि माणसं बारा असतील तर मागचा माणूस पडल्याचं पुढच्याला दहा मिनिटांनी कळतं. खोऱ्याच्या आत मोबाईलची रेंज सलग मिळेल असं धरून चालू नका. प्रथमोपचाराची पेटी, जादा ट्यूब, चेनची जोडकडी, जीप आणि वाईतल्या दवाखान्याचा नंबर, हे सगळं असलंच पाहिजे. हेल्मेट त्यांचं असेल तर मापाचं आहे का बघा: कपाळ झाकलेलं, भुवईच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली घट्ट. डोक्यामागे सरकलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं.

खाण्यापिण्याचं फार वाढवत नाही. तासाला अर्धा लिटर पाणी, थंडी असली तरी. दुपारचं जेवण गावातल्या घरी आधी सांगून ठेवलेलं असतं: पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. पोट थोडं रिकामं ठेवून जेवा आणि मग तासभर बसा, कारण जेवणानंतर लगेच उतार येतो. त्या तासात सायकली सावलीत लावा, उन्हात तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. जलाशयाच्या पाण्यात पोहायला उतरायचं नाही. काठाला गाळ असतो आणि खोली कुठे वाढते ते वरून कळत नाही.

तारखेचं एक बघा. पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते आणि त्या दिवसांत वाईच्या रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागते. ती पौर्णिमा सहसा जानेवारीत येते, तेव्हा कॅलेंडर बघून ते दिवस सोडा. पुढे कधी मार्चमध्ये यायचं ठरलं तर रंगपंचमीला वाईजवळच्या बावधन गावच्या यात्रेतलं बगाड असतं. ते बघायला अवश्य या, सायकल चालवायला नको. शनिवार-रविवारपेक्षा मधला वार केव्हाही चांगला.

पुण्याहून त्याच दिवशी येऊन त्याच दिवशी परत जाऊ नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. वाई ९० किलोमीटरवर आहे. पहाटे चारला उठून गाडी चालवत यायचं, दिवसभर सायकल आणि मग अंधारात खंबाटकीच्या रस्त्याने परत, यात शेवटच्या दोन तासांत डोळा लागायची भीती सायकलीपेक्षा जास्त आहे. आदल्या संध्याकाळी या आणि राईडनंतरही रात्र वाईतच काढा. ते जमत नसेल तर गाडीला ड्रायव्हर घ्या.

बुकिंग करताना चौघांची उंची आणि वजन कळवा, यजमानांच्या गुडघ्याचं सांगा आणि आदल्या संध्याकाळी अर्धा तास मोकळ्या मैदानात सायकली चालवून बघायला मिळतील का ते विचारा. सीटची उंची तेव्हाच लावून त्या जागी टेपची खूण करून ठेवा, म्हणजे सकाळी गडबडीत अदलाबदल होणार नाही. बरोबर जीप नाही असं कळलं तर जोरच्या दिशेला आत जाऊ नका. धोमपर्यंतच जा, जाऊन-येऊन वीसच्या आत किलोमीटर होतात, आणि मेणवलीच्या घाटाला व धोमच्या देवळांना भरपूर वेळ द्या.